ऋषिकुल्येच्या मुखाशीं

आपल्याकडील जुन्या शिवालयांत पाऊल टाकलें कीं, नंदीच्या जवळ फरसबंदींत कोरलेलें कासव बहुधा दृष्टीस पडतें. त्याला ओलांडून न जातां, हात लावून वंदन करावें आणि मग गाभाऱ्याकडे वळावें, हा धडा आपण लहानपणीं आजीचें बोट धरूनच शिकतों. पुढें गीतेचा दुसरा अध्याय पाठ करतांना तेंच कासव पुनः भेटतें. सर्व अंगें आंत ओढून घेणारें, स्थितप्रज्ञाचें उपमान म्हणून. संतवाङ्मयांत तर कासवीची दृष्टी प्रसिद्धच आहे. ती पिलांना पाजीत नाहीं, चारीत नाहीं. दूर राहून नुसत्या प्रेमळ नजरेनें त्यांचें पोषण करते, असा संकेत आपल्या भक्तिपर रचनांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्या प्राण्याशीं आपली ओळख अशी देवळांत, पोथींत आणि कीर्तनांत झालेली, त्याला समुद्रकांठीं प्रत्यक्ष पाहण्याचा योग मला साठी उलटल्यावर आला. २०२५ सालच्या माघ वद्य पक्षांत मी उत्कल देशांत, म्हणजे हल्लींच्या ओडिशा राज्यांत, ऋषिकुल्या नदीच्या मुखाशीं गेलों होतों. तेथें जें पाहिलें व ऐकलें, त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

‘कुल्या’ म्हणजे पाट अथवा लहानसा प्रवाह. तेव्हां ऋषिकुल्या म्हणजे ऋषींचा पाट. भागवताच्या पंचम स्कंधांत भारतवर्षांतील नद्यांची जी नामावळी आहे, तींत हें नांव आढळतें. कंधमाळ जिल्ह्याच्या डोंगरांत उगम पावून सुमारें १६५ किलोमीटर वाहत ही नदी गंजाम जिल्ह्यांत पूर्वसमुद्रास मिळते. हावड्याहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ब्रह्मपूर हें मोठें स्टेशन लागतें. तेथून मोटारीनें तासाभरांत नदीच्या मुखापाशीं पोंचतां येतें. उत्तरेस चिल्का सरोवर आहे. दक्षिणेस हाच किनारा धरून गेलें, तर आंध्र प्रदेशांत श्रीकूर्मम्‌ येथें विष्णूच्या कूर्मावताराचें प्राचीन देवालय आहे. कासवांनीं निवडलेल्या स्थळाला हा शेजार मोठा साजेसा आहे.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त ब्रह्मपुरास असतो. “गुरुजी, या पंधरवड्यांत आलांत तर पाहाल, नाहीं तर मग वर्ष गेलें,” असें त्याचें पत्र आलें, आणि मी निघालों. नदीचें मुख एका जागीं स्थिर नाहीं. समुद्र वाळू आणून टाकतो, नदी ती फोडून वाट काढते. त्यामुळें वाळूचा लांब दांडा कधीं इकडे वाढतो, कधीं तिकडे फुटतो. या दांड्याच्या आसपास पुरुणाबंध, गोखरकुडा, पोडमपेटा अशीं कोळ्यांचीं गांवें आहेत. सरूच्या झाडांची एक रांग, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत टाकलेलीं जाळीं आणि खारट वारा, एवढीच काय ती तेथील शोभा.

या किनाऱ्यावर दर वर्षीं माघ-फाल्गुनाच्या सुमारास जें घडतें, त्याला शास्त्रज्ञ ‘अरिबादा’ म्हणतात. हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ ‘आगमन’ असा आहे. ऑलिव्ह रिडले नांवाच्या जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या सहस्रावधि संख्येनें थोड्याच रात्रींत एकाच वाळवंटीवर येऊन अंडीं घालतात. मेक्सिको, कोस्टारिका आणि आपला ओडिशा यांसारखीं मोजकींच स्थळें हा मान मिरवितात. ओडिशाच्या किनाऱ्यावरील गहीरमाथा हें स्थळ १९७४ मध्यें शास्त्रज्ञांच्या नजरेस आलें. देवी नदीचें मुख १९८१ मध्यें आणि ऋषिकुल्येचें १९९४ मध्यें. तेथील कोळ्यांना मात्र हें सारें आजोबा-पणजोबांपासून ठाऊक होतें. कांहीं वर्षीं हें आगमन होतच नाहीं. कासवें समुद्रांत जमतात, घिरट्या घालतात आणि परत जातात. आम्ही गेलों तें वर्ष भाग्याचें होतें. वनखात्याच्या गणनेप्रमाणें त्या हंगामांत एकट्या ऋषिकुल्येच्या किनाऱ्यावर सुमारें सात लाख कासवें अंडीं घालून गेलीं.

वनखात्याच्या माणसांबरोबर आम्ही रात्रीं दहाच्या सुमारास वाळूंत जाऊन बसलों. दिवा लावावयाचा नाहीं, बोलावयाचें नाहीं, पुढें जावयाचें नाहीं, अशी सक्त ताकीद होती. कृष्णपक्ष असल्यामुळें चंद्र उशिरां उगवणार होता. प्रथम लाटांच्या पांढऱ्या फेसांत कांहीं काळे धोंडे असल्यासारखे दिसले. मग ते धोंडे चालूं लागले. वल्ह्यांसारखे पुढचे पाय वाळूंत रोवून, चार पावलें सरकून, थांबून, दीर्घ निःश्वास टाकून, पुनः चार पावलें. तो निःश्वास आम्हांस स्पष्ट ऐकूं येत होता. अगदी माणसासारखा! भरतीच्या रेषेवर येऊन प्रत्येकीनें मागच्या पायांनीं सुरईच्या आकाराचा खळगा खणला. हातभर खोल खळगा, आणि तो डोळ्यांनीं न पाहतां खणावयाचा. परंतु कुशल कुंभाराचें काम वाटावें इतका तो रेखीव होता. त्यांत शंभर-सव्वाशें शुभ्र, वाटोळीं अंडीं घालून तिनें वाळू लोटली आणि आपलें अंग दोन्ही बाजूंनीं आपटून ती घट्ट केली. शेंकडों माद्यांच्या त्या धब्‌ धब्‌ आवाजानें किनारा जणूं दूरवर कोणी धान्य कांडीत असल्याप्रमाणें घुमत होता.

माझ्या विद्यार्थ्यानें हळूच विचारलें, “गुरुजी, इतकीं माणसें जवळ आहेत, तरी ही अंगें आंत कां ओढून घेत नाहीं?” प्रश्न रास्त होता आणि त्याचें उत्तर मला तेथील वनरक्षकाकडून मिळालें. समुद्रकासवाला तें करतांच येत नाहीं. तळ्यांतलें कासव मान व पाय कवचांत घेतें. समुद्रांतल्या कासवाचे पाय पोहण्यासाठीं वल्हीं झालेले असतात, तीं वल्हीं आणि मान त्याला आंत घेतां येत नाहींत. गीतेंतील कूर्म निराळा आणि हा निराळा. याचें अंग नेहमींच उघडें.

दुसरीहि एक गोष्ट माझ्या मनाला चटका लावून गेली. काम आटोपतांच ती मादी सरळ समुद्राकडे वळली आणि एकदांहि मागें न पाहतां लाटेंत शिरली. दीड-दोन महिन्यांनीं वाळूच्या उबेनें अंडीं फुटतील, बोटभर लांबीचीं पिलें उजेडाच्या रोखानें धांवत समुद्र गांठतील. त्यांतलें जगून मोठें होणारें हजारांत एखादें. त्यांच्यावर कोणत्याहि मातेची दृष्टी नाहीं. कविसंकेत खरा नव्हता, असें म्हणून मी संतांशीं वाद घालीत नाहीं; त्यांना सांगावयाचें होतें तें देवाच्या वात्सल्याविषयीं. पण या पिलांवर दृष्टी ठेवणारें कोणी तरी असावें, ही त्यांच्या मनांतली गरज मात्र त्या रात्रीं मला पटली.

सकाळीं उजाडल्यावर आम्ही किनाऱ्यानें उत्तरेकडे चालत निघालों. रात्रीं जें मंगल पाहिलें होतें, त्याची दुसरी बाजू तेथें पडलेली होती. भरतीनें आणून टाकलेलीं मेलेलीं कासवें. एक, पुढें कांहीं अंतरावर दुसरें, मग तिसरें. कवच अखंड, अंगावर घाव नाहीं, कोणा हिंस्र जलचरानें फाडल्याची खूण नाहीं. मान सुजलेली आणि डोळे बाहेर आलेले. “हीं कशानें मेलीं?” असें विचारल्यावर बरोबरच्या माणसानें एकाच शब्दांत उत्तर दिलें : “बुडून.”

समुद्रांत जन्म काढणारें कासव बुडून मरतें, हें प्रथम ऐकतांना विनोद वाटेल. पण त्यांत अक्षरशः सत्य आहे. कासवाला माशासारखे कल्ले नसतात, आपल्यासारखीं फुप्फुसें असतात. श्वासासाठीं त्याला वर यावेंच लागतें. स्वस्थ पडून असेल तर तें पुष्कळ वेळ पाण्याखालीं राहूं शकतें. परंतु कोंडलें जाऊन धडपडूं लागलें कीं, सांठविलेला प्राणवायु भराभर संपतो. आणि त्याला कोंडतें तें ट्रॉलरचें जाळें. ट्रॉलर म्हणजे यंत्रावर चालणारी मोठी मच्छीमार नौका. तिच्यामागें एक लांबलचक पिशवीसारखें जाळें असतें. तोंड रुंद, शेपूट निमुळतें व बांधलेलें. तोंडाच्या दोहों बाजूंस दोन जड फळ्या असतात. नौका चालूं लागली कीं पाण्याच्या जोरानें त्या एकमेकींपासून दूर सरकून तोंड उघडें ठेवतात. असें जाळें समुद्राच्या तळाशीं दोन-दोन, तीन-तीन तास ओढीत नेतात. त्यांना हवी असते कोळंबी. पण वाटेंत जें येईल तें सर्व पिशवींत जातें. तासाभराच्या आंत जाळें वर आलें, तर सांपडलेलीं बहुतेक कासवें जगतात. त्यापुढें मरणाचें प्रमाण झपाट्यानें वाढतें. १९९० नंतरच्या दशकांत ओडिशाच्या किनाऱ्यावर एकेका हंगामांत दहा हजारांहून अधिक मेलेलीं कासवें मोजलीं गेलीं आहेत. जीं वाहून किनाऱ्याला लागलीं तींच मोजलीं गेलीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. शिवाय वयांत येण्यास या कासवांना दहा-बारा वर्षें किंवा त्याहूनहि अधिक काळ लागतो. म्हणून अंडीं घालण्यास आलेली एक मादी बुडाली, म्हणजे हजारों पिलांतून कशीबशी वांचलेली एक आयुष्याची पुंजी बुडाली.

या सर्व प्रकारांत खलपुरुष कोणी नाहीं, ही गोष्ट मला मोठी विचार करण्यासारखी वाटली. कासवाचें मांस खाणें अथवा अंडीं चोरणें यांस आळा घालणें तुलनेनें सोपें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें कासवास मारण्याची बंदी झाली, आणि एके काळीं या किनाऱ्यावरून कलकत्त्याच्या बाजारीं जाणारीं कासवें पुढें जाण्याचीं थांबलीं. पण येथें तर मारावें अशी कोणाची इच्छाच नाहीं. कोळ्याला मेलेलें कासव नकोच असतें. त्याच्या वजनानें जाळें फाटतें आणि कोळंबी चिरडते. इच्छेवांचून होणारी हिंसा उपदेशानें थांबत नाहीं. तिला युक्तीच हवी.

ती युक्ति निघाली अमेरिकेंत, आणि तीहि एका कोळ्याच्याच डोक्यांतून. जॉर्जिया प्रांताच्या किनाऱ्यावर सिंकी बून नांवाचा कोळंबी धरणारा कोळी होता. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यानें जाळ्यांत भरणाऱ्या थुलथुलीत जेलीफिशांचा त्रास चुकविण्यासाठीं एक साधन केलें. जाळ्याच्या निमुळत्या भागांत गजांची एक तिरपी चौकट बसवावयाची आणि तिच्या टोंकाशीं जाळ्याला एक खिडकी ठेवावयाची. कोळंबी लहान, ती गजांमधून मागें पिशवींत जाते. जेलीफिश किंवा कासव मोठें. तें तिरप्या गजांवरून घसरत जाऊन खिडकीपाशीं येतें, वरची झडप ढकलतें आणि मोकळें होतें. पुढें अमेरिकेच्या सरकारी मत्स्यखात्यानें कासवांसाठीं या कल्पनेवर प्रयोग केले, आणि १९८७ मध्यें कोळंबीच्या ट्रॉलरांवर अशी खिडकी ठेवण्याचे नियम तेथें झाले. नीट बसविलेल्या चौकटीनें शंभरांतलीं सत्त्याण्णव कासवें सुटतात, असें त्या खात्याचें म्हणणें आहे. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनें भारतीय नौकांस योग्य अशी चौकट तयार केली आहे.

याखेरीज आणखीहि तीन उपाय आहेत. पहिला, जाळें थोडा वेळच ओढावें आणि लवकर वर घ्यावें. दुसरा, जेथें व जेव्हां कासवें जमतात, तेथें व तेव्हां मासेमारीच थांबवावी. गहीरमाथ्याचा समुद्र १९९७ मध्यें अभयारण्य झाला. तसेंच ओडिशांत १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळांत धामरा, देवी व ऋषिकुल्या यांच्या मुखांपासून वीस किलोमीटरांच्या टापूंत बंदी असते. तिसरा उपाय फारच साधा. जाळ्यांतून निश्चेष्ट वर आलेलें प्रत्येक कासव मेलेलेंच असतें असें नाहीं. त्यास पोटावर ठेवून, मागचा भाग थोडा उंच करून, सांवलींत ओलें ठेवलें, तर फुप्फुसांतलें पाणी उतरून कांहीं तासांनीं तें शुद्धीवर येऊं शकतें. मेलें समजून समुद्रांत टाकलें, तर मात्र खरोखरच बुडतें.

इतके उपाय हातीं असतां किनाऱ्यावर कासवें मेलेलीं कां दिसतात, हा प्रश्न मीं पोडमपेट्याच्या एका वृद्ध कोळ्यास विचारला. या भागांतील कोळी बहुतेक नोलिया जातीचे, तेलुगु बोलणारे. माझा विद्यार्थी दुभाषा झाला. या गांवची जुनी वस्ती समुद्रानें गिळली असून लोकांना मागें हटून नवीं घरें करावीं लागलीं आहेत. म्हातारा जाळें विणीत बसला होता. हात न थांबवितां तो म्हणाला, “तुमच्या मास्तरांना सांगा, कासव आमचाहि देव आहे. जाळ्यांत आला तर हात जोडून सोडतों. पण जाळें फाटलें तर देव शिवून देत नाहीं.” मग जरा थांबून म्हणाला, “बंदीच्या महिन्यांत मोठ्या नौका रात्रीं दिवे मालवून येतात आणि जातात. आम्ही लहान माणसें, उजेडीं दिसतों. म्हणून आम्हांलाच अडवितात.”

त्या उत्तरांत मला सर्व प्रश्नाचें सार दिसलें. खिडकीवाटे कासवाबरोबर एखादा मोठा मासाहि निसटतो. तज्ज्ञांच्या चांचणींत ही तूट अल्प भरते. पण ज्याच्या नौकेवर डिझेलचें कर्ज आहे, त्याला तो एक मासा दिवसाची मजुरी वाटतो. म्हणून चौकटी मोफत वाटल्या गेल्या तरी पुष्कळ ठिकाणीं त्या पडून राहिल्या, किंवा खिडकी दोरीनें शिवून टाकली गेली. ओडिशा सरकार बंदीच्या काळांत बाधित कुटुंबांस मदत देतें, ही गोष्ट चांगली. परंतु कासव वांचविण्याचा सर्वांचा धर्म एकट्या कोळ्याच्या पोटावर चालणार नाहीं.

सक्तीचा मार्गहि चोखाळून झाला आहे. १९८९ मध्यें अमेरिकेनें कायदा केला कीं, ज्या देशांत जाळ्यांना खिडक्या नाहींत त्यांची समुद्रांतील कोळंबी घ्यावयाची नाहीं. भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड या चार देशांनीं जागतिक व्यापार संघटनेकडे फिर्याद नेली. १९९८ च्या निकालांत हेतु योग्य, पण अंमलबजावणींत पक्षपात झाला, असें ठरलें. पुढें २०१९ मध्यें आपल्या समुद्रांत धरलेल्या कोळंबीस अमेरिकेनें दार बंद केलें. म्हणजे जें दार आपण जाळ्याला ठेविलें नाहीं, तेंच परक्यानें बाजाराला लाविलें.

येथपर्यंत वाचून, हा दूरदेशचा प्रश्न, असें कोणास वाटेल. म्हणून आपल्या कोंकणाकडे वळतों. नाना फडणिसांचें मूळ गांव वेळास, रत्नागिरी जिल्ह्यांतलें. तेथें याच जातीचीं कासवें अंडीं घालण्यास येतात. ओडिशासारखीं लाखांनीं नव्हे, एक-एक, दोन-दोन अशीं. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या निसर्गप्रेमी मंडळींनीं ग्रामस्थांच्या साहाय्यानें तेथें अंड्यांचें रक्षण आरंभिलें, आणि आज पिलें समुद्रांत जातांना पाहण्यास पुण्या-मुंबईचीं कुटुंबें मुलाबाळांसह तेथें जातात. आणि २०२५ च्या आरंभीं गुहागरच्या किनाऱ्यावर अंडीं घालण्यास आलेल्या एका मादीच्या पायास धातूची खूणपट्टी आढळली; ती २०२१ मध्यें ओडिशांत लावलेली होती. साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक समुद्र ओलांडून ती आली असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पूर्वसमुद्रांत बुडणारें कासव हें कदाचित्‌ आपल्याच कोंकणांत येऊं पाहणारी माहेरवाशीण असेल!

त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचें एक उत्तरहि मला आपल्याच राज्यांत सांपडलें. महाराष्ट्राच्या वनखात्यानें २०१८ च्या अखेरीस अशी योजना केली कीं, कासव किंवा दुसरा संरक्षित जलचर सोडविण्यासाठीं कोळ्यानें आपलें जाळें कापलें व त्याचें छायाचित्र दाखविलें, तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावयाची. देव जाळें शिवून देत नाहीं हें खरें. पण समाज देऊं शकतो, हें या योजनेनें दाखविलें. अशीच तजवीज खिडकीमुळें येणाऱ्या तुटीसाठीं झाली आणि रात्रीं येणाऱ्या मोठ्या नौकांवर पहारा खरोखर बसला, तर त्या वृद्धाला तक्रारीस जागा उरणार नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळ घरीं मासळी शिजत नाहीं, आणि कांहीं घरीं शिजते. जेथें शिजते, तेथें कोळंबी कोठली व कोणत्या जाळ्याची, हा प्रश्न बाजारांत विचारण्यास संकोच नसावा. विचारणारे वाढले म्हणजे विकणाऱ्यालाहि उत्तर शोधावें लागतें. जेथें शिजत नाहीं, त्यांनींहि आपण मुक्त आहोंत असें मानूं नये. कारण भरपाई द्यावयाची ती सर्वांच्या करांतूनच. आणि फाल्गुन-चैत्रांत सवड असेल, तर मुलांना घेऊन वेळासला अवश्य जावें. दिवा लावूं नये, पिलांना हात लावूं नये, गलबला करूं नये. मुलें विचारतील, “यांची आई कोठें आहे?” तेव्हां खरें तें सांगावें कीं, ती दूर समुद्रांत आहे, आणि श्वास घेण्यासाठीं तिला वर यावें लागतें.